कीव करून डोस ठरत नाही

केमोचा डोस उंची आणि वजन मोजून ठरवतात, हे ज्याच्या घरात कॅन्सर शिरला त्याला वेगळं सांगावं लागत नाही. केस पेपरच्या कोपऱ्यात उंची, वजन आणि त्याखाली १.४४ किंवा १.६१ असा एक आकडा लिहिलेला असतो. ते त्या माणसाच्या अंगाचं क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये. दर चौरस मीटरला जेवढं औषध ठरलेलं, त्याला या आकड्याने गुणायचं, की डोस निघाला.

आमच्या धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याच्या बाजूला या हिशेबावर एक आक्षेप हमखास ऐकू येतो. स्टेशनवर सुरतेची गाडी येईपर्यंत, एमआयडीसीच्या फाट्यावर चहा पिताना, आणि आता मोबाइलवर चार गोष्टी वाचलेल्या माणसांकडून तर जास्तच. "हे गणित शंभर वर्षांपूर्वीचं, परदेशातलं, तेही नऊ माणसांवर बसवलेलं. आपला माणूस चाळीस-पंचेचाळीस किलोचा, तंबाखूने आतून पोखरलेला. त्याला हे गणित कसं लागू पडेल? डॉक्टरला सांगून डोस कमी करून घ्या." अहिराणीत हेच दोन वाक्यांत उरकतं: "इतलं औषध कसाले? कमी करी द्या ना साहेब." बाई जाड असली तर तोच आक्षेप उलट्या अंगाने येतो. चरबीला कशाला औषध पाजायचं, असं विचारतात.

या आक्षेपाचा पहिला अर्धा भाग खरा आहे, आणि तो खरा आहे म्हणूनच दुसरा अर्धा भाग बिनबोभाट खपून जातो. माझं भांडण त्या दुसऱ्या अर्ध्याशी आहे.

खरं आहे तेवढं आधी मान्य करू. १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये ड्यू बॉय आडनावाच्या दोघा चुलत भावांनी, डेलाफिल्ड आणि यूजीन यांनी, उंची-वजनावरून क्षेत्रफळ काढायचं ते सूत्र प्रसिद्ध केलं. माणसाच्या अंगाला घट्ट बसणारे कपडे घालायचे, त्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून साचा करायचा, तो कापून सपाट करायचा आणि क्षेत्रफळ काढायचं, अशी त्यांची रीत. मोजलेली माणसं खरोखरच नऊ. ड्यू बॉय भावांना औषधाशी काही देणंघेणं नव्हतं. शरीर स्वस्थ बसलेलं असताना किती उष्णता खर्चतं, एवढंच त्यांना पाहायचं होतं. कॅन्सरवर केमो ही गोष्ट तेव्हा जन्मालाच आलेली नव्हती. पुढे १९५८ साली डोनाल्ड पिंकेल या बालरोगतज्ज्ञाने दाखवलं, की उंदीर, मूल आणि मोठा माणूस यांचे डोस किलोवर तोलले तर जुळत नाहीत, अंगाच्या क्षेत्रफळावर तोलले तर बरेच जवळ येतात. १९६६ मध्ये फ्राइराइश आणि सहकाऱ्यांनी उंदरापासून माकडापर्यंत आणि माणसापर्यंत हाच मेळ घालून पाहिला. नवं औषध माणसाला पहिल्यांदा देताना सुरुवात किती मिलिग्रॅमने करायची, या प्रश्नाला त्यातून बऱ्यापैकी सुरक्षित उत्तर मिळालं. १९८७ साली मोस्टेलरने सगळं सूत्र एका ओळीत आणलं: उंची गुणिले वजन, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. साध्या कॅल्क्युलेटरवर होतं.

उंदीर आणि माणूस यांच्यातला फरक ज्या मापाने सांधला, तेच माप मग एका मोठ्या माणसात आणि दुसऱ्या मोठ्या माणसात फरक करायला वापरलं गेलं. ते तिथे कितपत चालतं, हे फार दिवस कुणी नीट तपासलंच नाही. २००२ साली बेकर आणि सहकाऱ्यांनी १९९१ ते २००१ या काळात चाचणीला आलेल्या ३३ औषधांची माहिती तपासली. अंगाच्या क्षेत्रफळाचा हिशेब धरल्याने माणसामाणसातला फरक कमी होतो, असं फक्त ५ औषधांत दिसलं. सिडनीचे हॉवर्ड गर्नी त्याआधीपासून, १९९६ पासून, हेच लिहीत होते. एकाच मापाच्या दोन माणसांत औषध शरीराबाहेर टाकण्याचा वेग चार ते दहा पटींनी वेगळा असू शकतो. कारण औषध मोडतं यकृत, गाळतं मूत्रपिंड, आणि ही इंद्रियं कातडीच्या मापाने चालत नाहीत.

म्हणजे सूत्र ढोबळ आहे. मान्य. आता "म्हणून डोस कमी करा" हे कुठून आलं?

ढोबळ मापाचा नेम दोन्ही बाजूंना चुकतो. एखाद्या बारीक माणसाचं यकृत औषध झपाट्याने मोडत असेल, तर सूत्राने काढलेला डोस त्याला आधीच अपुरा पडत असेल. सूत्र चुकतं एवढं कळल्याने ते आपल्या माणसाच्या बाबतीत वरच्याच बाजूला चुकलंय हे कळत नाही. तरी आक्षेप घेणारा दर वेळी खालीच येतो. सूत्र फसवं आहे, सबब आमच्या म्हाताऱ्याचा डोस वाढवा, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

शिवाय बारीकपणाची वजावट त्या सूत्रात आधीच झालेली आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. १६५ सेंटिमीटर उंचीचा आणि ८० किलोचा माणूस मोस्टेलरच्या हिशेबाने १.९१ चौरस मीटर भरतो. त्याच उंचीचा ४५ किलोचा माणूस १.४४. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम धरलं तर पहिल्याला १९१ मिलिग्रॅम आणि दुसऱ्याला १४४. बारीक माणसाला ४७ मिलिग्रॅम कमी मिळालंच. त्यानंतर "बिचारा फार बारीक आहे" म्हणून आणखी पाव कापायचा, म्हणजे एकाच कारणासाठी दोनदा कापणं. आमचा शेतकरी कापसाच्या काट्यावर क्विंटलमागे किलोभर वजावट दोनदा धरली तर व्यापाऱ्याची गचांडी धरेल. इथे मात्र तोच हात जोडून दुसरी वजावट मागतो.

आता "आपल्या माणसाला झेपत नाही" याकडे वळू. हे वाक्य हवेत सोडायची गरज नाही, कारण आपल्याच माणसांवर ते तपासून झालं आहे, आणि तेही मुंबईत, परळला. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर म्हणजे आपल्याकडचा तंबाखू-गुटख्याचा कॅन्सर. त्यात रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन देतात. पुस्तकी डोस तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम दर चौरस मीटर. आपल्याकडे अनेक ठिकाणी त्याऐवजी दर आठवड्याला ३० देण्याची पद्धत पडली होती. कारण तेच, आपला पेशंट कुपोषित, एवढं सोसायचा नाही. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी ३०० पेशंटवर दोन्ही पद्धती समोरासमोर तपासल्या. निकाल २०१८ साली आला. दोन वर्षांनंतर ज्यांचा रोग मूळ जागी किंवा मानेत परतलेला नव्हता, असे पेशंट आठवड्याच्या ३० वाल्या गटात ५८.५ टक्के होते आणि १०० वाल्या गटात ७३.१ टक्के.

त्रास कुणाला जास्त झाला? अर्थात १०० वाल्यांना. गंभीर त्रास तिकडे ८४.६ टक्के, इकडे ७१.६. एकूण आयुष्यमानातला फरक त्या चाचणीत ठामपणे सिद्ध झाला नाही, हेही सांगायला हवं. नाहीतर मीही सोयीचं तेवढंच सांगणाऱ्यांत जमा होईन. पण मानेत परतलेली गाठ म्हणजे काय, हे ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना आकड्याची गरज नाही. आणि ३० वाल्यांमध्येही दहातल्या सात जणांना गंभीर त्रास झालाच. डोस कापून माणूस सुखात राहतो हा समज तिथेच मोडतो.

यावर कुणी म्हणेल, दर आठवड्याची पद्धत जपानात चालली की. चालली, पण तिथे डोस ४० होता. रेडिएशनचे सात आठवडे धरले तर ३० ने एकूण २१० होतात, ४० ने २८०. तीन वेळा १०० म्हणजे ३००. जपानच्या चाचणीत २८० चा तो मार्ग ३०० पेक्षा कमी पडला नाही. म्हणजे छोट्या घोटांनी द्यायला कुणाची हरकत नाही. हरकत आहे ती घोट लहान करता करता पेल्यातला मोठा वाटाच गायब करण्याला.

जाड बाईकडे येतो, कारण तिच्यावरचा अन्याय जास्त गुपचूप होतो. १५२ सेंटिमीटर उंची, वजन ८२ किलो, स्तनाचा कॅन्सर. अशा बाया शिंदखेडा तालुक्यात पूर्वी कमी दिसायच्या, आता दिसतात. खऱ्या वजनावर तिचं क्षेत्रफळ १.८६ भरतं. डॉक्सोरुबिसिन, ज्याला वॉर्डात सगळे लाल औषध म्हणतात, ते ६० प्रमाणे १११ मिलिग्रॅमच्या आसपास निघतं. आकडा पाहून कुणाचा तरी हात थबकतो आणि "आदर्श वजन" म्हणून ५० किलो धरलं जातं. क्षेत्रफळ १.४५ वर येतं आणि डोस ८७ वर. बाईला खऱ्या डोसच्या ७८ टक्के मिळाले. तिला कुणी सांगितलं नाही, तिच्या नवऱ्याने विचारलं नाही, आणि कागदावर सगळं रीतसर आहे.

मिलानच्या बोनाडोना यांनी १९९५ साली वीस वर्षांचा हिशेब मांडला होता. ठरलेल्या डोसच्या ८५ टक्के किंवा जास्त मिळालेल्या बायांना केमोचा फायदा झाला. ६५ टक्क्यांच्या खाली राहिलेल्यांची गत नुसत्या ऑपरेशनवर सोडलेल्यांसारखीच. तो हिशेब मागे वळून केलेला होता. डोस मुळात कमी का झाला, अशक्तपणामुळे की आणखी कशामुळे, ही शंका त्यावर घेता येते. पण अमेरिकेत १५००हून अधिक बायांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा तीन गटांत वाटून झालेली चाचणी या शंकेच्या बाहेर आहे. १९९८ च्या अहवालात, पाच वर्षांनी रोग न परतलेल्या बाया वरच्या डोसच्या गटात ६६ टक्के होत्या, मधल्यात ६१, आणि वरच्याच्या निम्मा डोस मिळालेल्या गटात ५६. जाड पेशंटला खऱ्या वजनावरच पूर्ण डोस द्यावा, असं अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली लेखी सांगितलं आणि २०२१ ला पुन्हा सांगितलं. त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे तोवर तिकडेही जाड पेशंटपैकी ४० टक्क्यांपर्यंत लोकांना खऱ्या वजनाप्रमाणे डोस मिळत नव्हता. तेव्हा हा काही फक्त आपला दोष नाही.

इतकं असूनही डोस खालीच का सरकतो? जास्त डोस झाला तर आठवड्याभरात कळतं. तोंड येतं, जुलाब लागतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, ताप भरतो, नातेवाईक ओरडतात. कमी डोस झाला तर काहीच होत नाही. पेशंट जेवतो, घरचे म्हणतात डॉक्टर देवमाणूस आहे, औषध कसं अलगद सोसलं. दोन वर्षांनी गाठ परत येते, आणि तेव्हा दोष रोगाला जातो किंवा नशिबाला. ७८ टक्क्यांकडे बोट दाखवायला कुणी उरलेलं नसतं. पहिल्या सायकलनंतर पेशी अजिबात हलल्या नाहीत, तर औषध कमी तर पडत नाही ना, हा प्रश्न गर्नींसारखी माणसं विचारतात. आपल्याकडे त्या रिपोर्टवर पेढे वाटायचेच तेवढे बाकी असतात.

कमी डोसला माझा सरसकट विरोध आहे, असा समज कुणी करून घेऊ नये. पुराव्याने कमी केलेल्या डोसपुढे मी हात जोडतो, आणि त्याचीही उदाहरणं परळचीच आहेत. निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध आधी किलोवर देत, मग सोयीसाठी सगळ्यांना एकच, २४० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी. किंमत आपल्या माणसाच्या आवाक्याबाहेर. टाटाच्या डॉ. विजय पाटील आणि सहकाऱ्यांनी तोंडा-घशाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये फक्त २० मिलिग्रॅम, तेही तीन आठवड्यांनी, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिलं. १५१ पेशंट. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के होतं, ते ४३.४ वर गेलं. ब्रिटनमध्ये थकलेल्या म्हाताऱ्या पेशंटवर चाचणी घेऊन पोटाच्या आणि अन्ननलिकेच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये ६० टक्के डोस पुरतो असं दाखवलं, आणि त्या लोकांचे दिवसही बरे गेले. या माणसांनी आधी तपासलं, मग कमी केलं. शिवाय तिथे रोग बरा होण्यापलीकडे गेलेला होता आणि उरलेले दिवस सुसह्य करणं हाच हेतू होता. बरा होऊ शकणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला तो दाखला लावायचा, हे वकिली डोकं झालं.

आणि सगळ्यांना एकच ठोक डोस द्या, भानगडच नको, असं म्हणणाऱ्यांनी पेम्ब्रोलिझुमॅबचं उदाहरण पाहावं. २ मिलिग्रॅम किलोला धरलं तर ४५ किलोच्या माणसाला ९० पुरतात. ठोक डोस २०० चा आहे. जास्तीच्या ११० मिलिग्रॅमचे पैसे तो बारीक माणूस भरतो. ठोक डोस कुणाच्या सोयीचा, हे वेगळं सांगायला नको.

सूत्र सुधारायचं असेल तर ते मोजून सुधारतं. कार्बोप्लॅटिन बहुतेक सगळं मूत्रपिंडातून जातं हे कळल्यावर हिलरी कॅल्व्हर्ट यांनी १९८९ साली चौरस मीटर बाजूला ठेवून मूत्रपिंडाच्या गाळण्यावर डोस बसवला. गाळणं मिनिटाला १०० मिलिलिटर असेल तर ६२५ मिलिग्रॅम, ५० असेल तर ३७५, माणूस कितीही उंच असो. पण इथेही आपल्या बारीक माणसासाठी एक खड्डा आहे. गाळण्याचा अंदाज रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढतात, आणि क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. ज्याचे स्नायूच झडलेत त्याचं क्रिएटिनिन ०.५ येतं, कागदावर मूत्रपिंड पैलवानाचं दिसतं आणि डोस फुगतो. म्हणून तर अमेरिकी औषध प्रशासनाने २०१० साली गाळण्याचा आकडा १२५ च्या वर धरू नका म्हणून सांगितलं. बारीक माणसाची काळजी करायचीच असेल तर ती इथे करा. ५-एफयू आणि कॅपेसिटाबिन ही औषधं मोडणारं एन्झाइम काही लोकांत जन्मतः कमी असतं, त्यांना नेहमीचा डोस जिवावर बेततो. युरोपच्या औषध संस्थेने २०२० पासून आधी तपासणीची शिफारस केली आहे. बिलिरुबिन वाढलं तर लाल औषध कमी करायचं, क्रिएटिनिन वाढलं तर सिस्प्लॅटिन थांबवायचं, हे कुठलाही कॅन्सरतज्ज्ञ करतो. या सगळ्याला कारण आहे आणि ते कारण रिपोर्टात दाखवता येतं. "बिचारा" हा शब्द कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

साधं वजनच बघा. पहिल्या सायकलला ४५ भरलेला माणूस तोंड येऊन तिसरीपर्यंत ३८ वर आलेला असतो. क्षेत्रफळ १.४४ चं १.३२ होतं, १४४ मिलिग्रॅमचे १३२. हा बदल काट्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही, आणि गर्दीच्या ओपीडीत मागच्या वेळचं वजन तसंच खाली उतरवलेलं मी पाहिलं आहे. जे नातेवाईक "कमी करी द्या" म्हणायला पुढे होतात, त्यांनी त्याऐवजी आज वजन केलं का एवढं विचारलं, तर डोस रास्त मार्गाने कमी होईल, जेवढा व्हायला हवा तेवढाच. आणि कुणी ८० टक्के दिलं असेल तर का दिलं हे कागदावर लिहून मागावं. डॉक्टरला राग येईल. येऊ द्या.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. आणि तो सूत्राबद्दल नाहीच. नरडाण्याहून परळ सुमारे साडेतीनशे किलोमीटर. पेशंट केमो घेऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत दोन दिवस काढतो आणि घरी येतो. दहाव्या-बाराव्या दिवशी, पेशी तळाला असताना, रात्री दोनला ताप भरतो. अशा तापात तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक गेलं पाहिजे. मुंबईतल्या डॉक्टरला हे माहीत असतं, आणि या माणसाला रात्री दोनला कोण बघणार हे त्याला माहीत नसतं. त्या भीतीने तो पाव डोस कापतो. मी त्याच्या जागी असतो तर मीही कदाचित कापला असता. पण मग ही कात्री पेशंटच्या हाडकुळेपणामुळे चाललेली नाही, त्याच्या पत्त्यामुळे चाललेली आहे. दादरला राहणाऱ्या तेवढ्याच हाडकुळ्या माणसाला पूर्ण डोस मिळतो.

सरकारची जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. आता ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. त्यामुळे केमोच्या पैशासाठी जमीन गहाण टाकणं बरंच कमी झालं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण केमोची सोय झाली की तापाची सोय आपोआप होत नाही. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, महामार्गाने नरडाण्याहून पाऊण तास. केमो चालू असलेला पेशंट ताप घेऊन आला तर त्याने ओपीडीच्या रांगेत थांबायचं नाही, तपासणीचे निकाल यायच्या आधी पहिलं इंजेक्शन द्यायचं, एवढा एक लेखी नियम जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर हवा. पेशी वाढवायचं इंजेक्शन शिरपूर, शिंदखेडा, दोंडाईचा इथल्या फ्रिजमध्ये हवं. पेशंटच्या हातात एक चिठ्ठी हवी: कोणतं औषध, कितव्या दिवशी दिलं, डोस किती, ताप आल्यास काय करायचं. यात काही महागडं नाही, परदेशातून आणायचं नाही.

डॉक्टरपुढे हात जोडून पाव डोस कमी करून मागणाऱ्या गावाने, तेच हात जोडायचे तर जिल्हाधिकाऱ्यांपुढे जोडावेत, आणि ही चिठ्ठी, हा फ्रिज आणि हा नियम मागावा.